मान धरली म्हणजे सायकल पेलली असं नाही

ताई, नमस्कार.
माझा मुलगा १० महिन्यांचा आहे आणि मुलगी साडेचार वर्षांची. परवा ह्यांनी सायकलला लावायची लहान मुलाची सीट आणली. रोज सकाळी बाळाला फिरवून आणायचा बेत आहे. मी म्हटलं, आधी हेल्मेट आणा, मग सीट लावा. त्यावरून घरात तट पडलेत. सासूबाई म्हणतात, अजून टाळू भरली नाही, एवढ्याशा मानेवर ओझं कशाला, आमची मुलं अशीच वाढली. हे म्हणतात, मान कधीच धरलीय, मी हळूच चालवणार, हेल्मेटचं दोन-तीन वर्षांनी बघू. मुलीच्या सायकलला बाजूची चाकं आहेत आणि ती घरासमोरच चालवते. तिला आणलेलं हेल्मेट ती दोन मिनिटांत भिरकावून देते. म्हणते, गुलाबी आणि शिंगवालं असेल तरच घालीन. हेल्मेट नेमकं कितव्या महिन्यापासून घालायचं? तुम्ही लिहिलंत तर घरात ऐकतील.
– दोन मुलांची आई

तुमच्या घरात माणसं तीन आणि मतंही तीन आहेत, पण गंमत अशी की तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. त्यातल्या त्यात सासूबाईंचं जास्त. एवढं वाक्य त्यांना आधी वाचून दाखवा आणि मगच पुढे जा, कारण पुढे त्यांना न रुचणारंही येणार आहे.

१० महिन्यांच्या बाळाला हेल्मेट घालू नका. आणि त्याला सायकलवरही बसवू नका. सीट खोक्यासकट माळ्यावर टाका, काही महिन्यांनी काढू.

तुम्ही हेल्मेटचा महिना विचारलात, पण हेल्मेटला स्वतःचा असा महिना नसतो, तो सायकलचा असतो. मूल ज्या दिवशी पहिल्यांदा चाकांवर चढेल, मग ते बाबांच्या मागच्या सीटवर असो की स्वतःच्या तीनचाकीवर, त्याच दिवशी हेल्मेट डोक्यावर चढलं पाहिजे. आणि हेल्मेट घातल्यावर ज्याचं डोकं डुगडुगतं, त्याच्या मानेला सायकलचे धक्केही सोसणार नाहीत. म्हणजे 'हेल्मेट पेलत नाही ना, मग तूर्त नुसतंच बसवू' ही पळवाट इथे नाही. घरोघरी काढली जाते ती नेमकी हीच. डोक्याला जड होतं म्हणून हेल्मेट काढलं जातं आणि बाळ मात्र सीटवर तसंच राहतं.

अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना हेच सांगते: एक वर्षाच्या आतल्या बाळाला सायकलवर न्यायचंच नाही. न्यूयॉर्क राज्यात तर हा कायदा आहे. तिथे वर्षाखालच्या बाळाला सायकलवर नेता येत नाही. एक वर्ष पूर्ण झालं की पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत हेल्मेट आणि मुलांची सीट दोन्ही सक्तीचं, आणि पुढेही चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत हेल्मेट सुटत नाही. कायदा करणाऱ्यांनीसुद्धा सायकल आणि हेल्मेट एकाच दिवशी सुरू केलंय, पाहा. फ्रान्समध्ये २०१७ पासून १२ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला हेल्मेट सक्तीचं झालं, आणि त्यात स्वतः सायकल चालवणारं मूल आणि मागे बसलेलं मूल असा फरक केलेला नाही.

आता 'मान धरली' या शब्दांकडे येते, कारण बाबांचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. मूल तीन-चार महिन्यांचं झालं की आपण म्हणतो, मान धरली. म्हणजे काय, तर उभं धरलं तर डोकं मागे पडत नाही. हे कडेवरचं मान धरणं झालं. तिथे तुमचा हात जवळ असतो, खांदा जवळ असतो, आणि आपण न कळत बाळाचं डोकं सावरत असतो. सायकलवर तसं नसतं. खड्डा आला, ब्रेक लागला, वळण आलं की डोकं पुढे, मागे, बाजूला फेकलं जातं आणि दर वेळी मानेला ते ओढून परत मध्ये आणावं लागतं. तेही एकदा नाही, पंधरा-वीस मिनिटं सलग. शिवाय बाळाचं डोकं अंगाच्या मानाने केवढं मोठं असतं ते बघा. जन्मतः डोकं अंगाच्या लांबीच्या पाव हिश्श्याएवढं असतं, मोठ्या माणसात साधारण सातव्या-आठव्या हिश्श्याएवढं. वर्षाच्या मुलात हे गणित अजून बरंचसं बाळाचंच असतं. त्यावर पाव किलोच्या आसपासचं हेल्मेट चढवलं की मानेचं काम आणखी वाढतं. सासूबाईंची भीती इथे खरी आहे.

टाळूची काळजी मात्र त्यांनी सोडायला हरकत नाही. पुढची टाळू बहुतेक मुलांत वर्ष-दीड वर्षाच्या सुमाराला भरते, काहींची दोन वर्षांपर्यंत रेंगाळते. ती भरेपर्यंत थांबायची गरज नाही. तिच्यावर चिवट पडदा असतो, आणि मापाचं हेल्मेट डोक्याभोवती सगळीकडून टेकतं, एकाच जागी दाबत नाही. थांबायचं ते मानेसाठी.

आणि बारावा महिना सरला म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पाने घेऊन सीट बसवायला लागू नका. बाळाकडे बघा. कसलाही आधार न घेता ते बराच वेळ ताठ बसतं का? बसत असेल तर हेल्मेट घालून त्याला जमिनीवर खेळायला बसवा, दहा-पंधरा मिनिटं. मधेच खेळणं एका बाजूला सरकवा, मग दुसऱ्या बाजूला, मग डोक्याच्या वर धरा. डोकं वळवून ते परत सरळ आणत असेल तर काम होत आलंय. कलतं आणि कललेलंच राहतं, हनुवटी छातीवर टेकते, तर महिनाभर थांबा आणि पुन्हा करून बघा. एखादं मूल तेराव्या महिन्यात तयार होतं, एखादं सोळाव्या, त्यात मागेपुढे काही नाही. बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलं असेल किंवा त्याचे स्नायू ढिले आहेत असं डॉक्टर कधी म्हणाले असतील, तर मात्र ही घरची परीक्षा पुरेशी नाही, त्यांनाच विचारा.

सीटच्या खोक्यावर कदाचित '९ महिन्यांपासून' असं छापलेलं असेल आणि बाबा ते बोट ठेवून दाखवतील. काही सीटांवर ते असतं, खरं आहे. पण तो आकडा सीट बनवणाऱ्याने दिलेला आहे. त्याने तुमचं बाळ पाहिलेलं नाही. मी तरी वर्षाच्या आत कुणालाही हो म्हणणार नाही.

एक गोष्ट या वयात फार होते आणि तिच्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. सायकलच्या डुलण्याने मुलं झोपतात. झोपली की मान सुटते, डोकं पुढे लोंबतं, आणि हेल्मेटचा मागचा फुगा सीटच्या पाठीला टेकून डोकं आणखीनच पुढे ढकलतो. हनुवटी छातीत रुतली की श्वासालाही अडचण. म्हणून पहिले काही महिने फेरी छोटी ठेवा, झोपेच्या वेळेची नको, आणि डुलकी लागली की उतरा. सीट निवडताना पाठीच्या वरच्या भागात हेल्मेटसाठी खोलगट जागा आहे ना, तेही बघा. तुम्ही आणलेल्या सीटला ती नसेल, तर माळ्यावर टाकण्यापूर्वीच बदलून आणा.

'मी हळूच चालवणार.' हे प्रत्येक बाबा म्हणतो, आणि मनापासून म्हणतो. पण डोक्याला मार बसतो तो मुख्यतः उंचीने. साधारण १ मीटर उंचीवरून पडणारं काहीही जमिनीला भिडतं तेव्हा त्याचा वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास असतो. सायकल उभी असली तरी तेवढाच. मागच्या सीटवर बसलेल्या मुलाचं डोकं जवळपास तेवढ्याच उंचीवर असतं, आणि पट्ट्यांनी बांधलेलं असल्यामुळे पडताना ते हातही टेकू शकत नाही.

मी बरीच वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका होते. सायकलवरून पडलेली मुलं तिथे पुष्कळ पाहिली, पण मनात राहिलं ते एक दीड वर्षाचं मूल. आईने त्याला सीटवर बसवलं, पट्टे लावले, सायकल स्टँडवर होती. हेल्मेट हँडलला लटकत होतं, फाटक लावून आल्यावर घालणार होती. ती फाटकाकडे वळली, मूल मागे वळून तिच्याकडे झुकलं आणि सायकल आडवी झाली. वेग शून्य. कवटीला बारीक तडा गेला होता. सुदैवाने चार दिवसांत मूल हसतखेळत घरी गेलं. आई मात्र मला दर पाळीला सांगायची, 'मी तर निघालेसुद्धा नव्हते हो.'

तेव्हापासून मी क्रम सांगते, आणि तो न बदलायला सांगते. मूल जमिनीवर उभं असताना हेल्मेट. मग सीट, मग पट्टे. परत आल्यावर आधी मूल खाली, दोन्ही पाय जमिनीवर, मग हेल्मेट काढायचं. आणि स्टँडवरच्या सायकलवर मुलाला बसवून तुमचा हात सुटता कामा नये, फाटक उघडं राहिलं तरी राहू दे.

आता 'आमची मुलं अशीच वाढली.' सासूबाईंचं हेही खोटं नाही. त्यांच्या मुलांना हेल्मेट मिळणार तरी कुठून होतं? सायकलच्या शर्यती लावणारे पूर्वी चामड्याच्या गुंडाळलेल्या पट्ट्यांची टोपी घालायचे, तिचा उपयोग बेताचाच. आत थर्माकोल आणि वर कडक कवच असलेलं, आज आपण ओळखतो तसं सायकलचं हेल्मेट अमेरिकेतल्या 'बेल' कंपनीने १९७५ मध्ये बाजारात आणलं. म्हणजे सासूबाईंनी हेल्मेट नाकारलं नव्हतं, त्यांच्यापुढे ते आलंच नव्हतं. आणि मुलं धडधाकट राहिली याचं कारण साधं आहे: पडणाऱ्या बहुतेक मुलांना गुडघा-कोपर फुटण्यापलीकडे काही होत नाही. हेल्मेट आणायचं ते उरलेल्या थोड्यांसाठी. फक्त ती थोडी कोण, ते पडण्याआधी कळत नाही.

आतला तो थर्माकोल काय करतो ते बाबांना आवडेल, म्हणून सांगते. उघडं डोकं फरशीवर आपटलं की जागच्या जागी थांबतं, आणि थांबायला जितकी कमी जागा तितका मेंदूला हिसका मोठा. हेल्मेट डोक्याला थांबायला आणखी सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर देतं. तेवढ्यात थर्माकोल चिरडतो आणि धक्का स्वतःत जिरवतो. अमेरिकेत १० मार्च १९९९ नंतर बनलेल्या प्रत्येक सायकल हेल्मेटला एक सक्तीची परीक्षा असते. नकली डोक्यावर हेल्मेट बसवून ते २ मीटरवरून सपाट पोलादावर टाकतात, आणि आतल्या डोक्याला बसलेला हिसका गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पटींच्या आत राहिला तरच ते पास. चिरडलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसलं तरी संपलं. वापरलेलं हेल्मेट कुणी प्रेमाने देऊ केलं, तर ते कधी पडलं होतं का हे छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसाकडूनच घ्या.

आकडे विचाराल तर १९८९ मध्ये सिएटलच्या एका गाजलेल्या अभ्यासात हेल्मेटने डोक्याच्या दुखापतीचा धोका ८५ टक्क्यांनी कमी होतो असं आलं होतं. तो आकडा अजूनही जिकडेतिकडे फिरतो. मला तो जरा जास्तच गोड वाटतो. पुढे ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी ४० अभ्यास एकत्र करून, ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती तपासली. त्यात डोक्याच्या दुखापतीची शक्यता ५१ टक्क्यांनी आणि गंभीर दुखापतीची ६९ टक्क्यांनी कमी दिसली. हे आकडे सगळ्या वयांचे मिळून आहेत, नुसते बाळांचे नाहीत. पण त्यात सासूबाईंसाठी एक ओळ आहे: मानेच्या दुखापती मुळातच कमी आढळल्या आणि त्यांचा हेल्मेट घालण्या-न घालण्याशी संबंध दिसला नाही.

कुणीतरी नातेवाईक नेदरलँड्सचं उदाहरण देईल, तिथे बहुतेक लोक हेल्मेटशिवाय सायकल चालवतात म्हणून. चालवतात. पण तिथे सायकलींना वेगळे रस्ते आहेत, आणि गाडीवाल्यांना सायकलची सवय आहे. तसा रस्ता तुमच्या दारात असेल तर आपण पुन्हा बोलू. आणि फरशी तिथेही फरशीच असते.

आता मुलगी. तिच्या बाबतीत 'कधीपासून' हा प्रश्नच उरलेला नाही. तिचं हेल्मेट तीनचाकीपासून सुरू व्हायला हवं होतं. ते झालं नाही, ठीक आहे, आजपासून. घरासमोरच चालवते म्हणून सूट नको. घरासमोरची जमीनही तेवढीच कडक असते आणि मुलं सगळ्यात जास्त वेळ तिथेच सायकल फिरवतात. बाजूच्या चाकांचाही फार भरवसा धरू नका. वळणावर मूल बाहेर झुकतं, आतलं चाक उचललं जातं आणि सायकल कलंडते. मी तर ती चाकं काढूनच टाकावीत या मताची आहे. पेडलही काढा, सीट तिचे पाय सपाट टेकतील इतकी खाली घ्या आणि पायांनी ढकलत जाऊ दे. १८१७ मध्ये कार्ल ड्राइस या जर्मन माणसाने बनवलेली पहिली दोनचाकी अशीच बिनपेडलची, पायांनी रेटायची होती. तोल असाच शिकला जातो. पण हे माझं वेड झालं, पत्रात तुम्ही ते विचारलेलं नाही.

ती हेल्मेट भिरकावते, त्याला हट्ट म्हणण्याआधी तिची हनुवटी बघा. माझ्या मुलाने साडेतीन वर्षांचा असताना हेल्मेटला असाच असहकार पुकारला होता. नुसतं दाखवलं तरी पळायचा. मी रागावले, लालूच दाखवली, सायकल कुलपात ठेवली. शेवटी एके दिवशी त्यानेच गळ्याखाली बोट ठेवून सांगितलं, 'चावतं.' पहिल्याच दिवशी घाईत बकल लावताना मी त्याच्या हनुवटीखालची कातडी चिमटीत पकडली होती, टचकन लावली आणि तशीच ओढली. मुलगी-मुलगा कोणीही असो, असा चिमटा एकदा बसला की महिनाभर विसरत नाहीत. त्यानंतर मी बकल लावताना माझं स्वतःचं बोट बकल आणि कातडीच्या मध्ये घालायला लागले. चावलं तर मला चावेल. दोनदा मला चावलंही, तो खूप हसला, आणि प्रश्न मिटला. अलीकडे चुंबकाने जुळणारी बकलं मिळतात, त्यांत ही भानगड राहत नाही.

दुसरं कारण माप. हेल्मेट मागे सरकून बसलं तर कपाळ उघडं पडतं आणि पट्टा गळ्याला काचतो. मुलीचा उंच बांधलेला पोनी आत असेल तर हेल्मेट बसतच नाही, वर तरंगतं. केस खाली मानेजवळ बांधा. मग हेल्मेट डोक्यावर आडवं, सपाट ठेवा: भुवया आणि हेल्मेटची कड यांत दोन बोटांचं अंतर, जास्त नाही. बोटं तुमची. तिला वर बघायला सांगा, डोळे वर केले की कड जेमतेम दिसली पाहिजे. मागची चकती किंवा पट्टी फिरवून घट्ट करा, पट्टे न लावता तिला मान हलवायला सांगा, हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे, डोक्यावर नाही. कानाजवळचे दोन्ही पट्टे कानाच्या बरोबर खाली येऊन जुळावेत, कान मधल्या खाचेत राहावा. शेवटी हनुवटीचा पट्टा, त्याखाली तुमचं एक बोट जेमतेम जाईल इतका. आता मोठी जांभई द्यायला सांगा. तोंड उघडल्यावर हेल्मेट डोक्यावर किंचित खाली ओढलं गेलं तर पट्टा बरोबर. काहीच हललं नाही तर ढिला आहे. साडेचार वर्षांच्या मुलीला ही जांभईची परीक्षा फार आवडते, ती दिवसभर देत बसेल.

बाळाचं हेल्मेट बसवतानाही हेच सगळं, फक्त ते जांभई मागून देत नाही. वाट बघावी लागते.

आणि बाबांचं हेल्मेट कुठे आहे? पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारते. ज्या घरात फक्त लहानांनाच हेल्मेट असतं, तिथे मुलांच्या लेखी ती लहान असण्याची शिक्षा ठरते, आणि मोठं होण्याची पहिली खूण म्हणजे ते काढून टाकणं. बाबा घालत असतील तर वर्षाचं बाळही स्वतःहून आपलं हेल्मेट उचलून आणतं, उलटं का होईना, डोक्यावर ठेवतं. शिवाय व्यवहाराचं बघा: बाळ मागे बांधलेलं आहे आणि सायकल हाकणाऱ्यालाच डोक्याला लागलं, तर बाळाला उचलणार कोण?

हेल्मेट घालायला लावण्याइतकंच ते काढायला लावणंही महत्त्वाचं आहे, आणि इथे कृपया लक्ष द्या. सायकलवरून उतरून मुलं तशीच घसरगुंडीकडे, दोरीच्या जाळीकडे, झाडाकडे धावतात. अंग फटीतून खाली जातं, हेल्मेट घातलेलं डोकं वर अडकतं आणि पट्टा गळ्याला फास बसवतो. अशा प्रकाराने मुलं दगावलेली आहेत. म्हणून सायकल संपली की हेल्मेट संपलं. युरोपात लहान मुलांच्या हेल्मेटसाठी यामुळेच 'ईएन १०८०' हे वेगळं मानक केलं गेलं. त्यात बकल हिरवं असतं आणि पट्ट्यावर ठरावीक जोर पडला की ते आपोआप सुटतं. घरासमोर सायकल आणि झोपाळा आलटून पालटून खेळणाऱ्या मुलीसाठी ते चांगलं. पण सुटणारं बकल आहे म्हणून झोपाळ्यावर हेल्मेट चालेल असं धरू नका. आणि जिथे गाड्यांची ये-जा आहे तिथे नेहमीचं न सुटणारं, 'ईएन १०७८' छापलेलं बरं. अमेरिकन हेल्मेटमध्ये 'सीपीएससी' (तिथला ग्राहक-सुरक्षेचा सरकारी आयोग) असं लिहिलेलं लेबल आत चिकटवलेलं असतं. यांपैकी काहीच आत नसेल, तर ती हेल्मेटच्या आकाराची टोपी आहे.

खरेदीचं थोडक्यात. वय सांगून हेल्मेट मागू नका, सेंटीमीटर सांगा. भुवयांच्या वरून, मागे डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून फीत फिरवायची. वर्षाच्या मुलाचं डोकं साधारण ४५-४६ सेंटीमीटर भरतं, पाच वर्षांच्या मुलाचं ५१ च्या आसपास. चार वर्षांत पाच-सहा सेंटीमीटर फक्त. म्हणजे 'वाढत्या अंगाचं' म्हणून मोठं घ्यायला इथे काही अर्थ नाही, आज मापात असलेलं हेल्मेट मागची चकती सैल करत बराच काळ पुरतं. मोटारसायकलचं हेल्मेट सायकलवरच्या लहान मुलाला नको, त्या मानेला ते फार जड. रंग देऊ नका, उन्हात तापलेल्या बंद गाडीत ठेवू नका. बास.

आणि हेल्मेट डोकंच सांभाळतं, एवढं लक्षात असू द्या. मागच्या सीटवरच्या मुलांचे पाय चाकाच्या आऱ्यांत जातात, ती जखम मी डोक्याच्या जखमांपेक्षा जास्त वेळा बांधली आहे. सीटला पाय ठेवायला खोलगट जागा, पायांना पट्टा आणि चाकावर जाळी नसेल, तर हेल्मेट कितीही भारी असलं तरी बाळाला बसवू नका.

राहिलं गुलाबी. गुलाबी घ्या, जेवढं भडक तेवढं चांगलं, लांबून दिसतं. तिलाच दुकानात न्या आणि मापाचं निघतील त्या दोन-तीनांतून तिलाच निवडू द्या. शिंगाला मात्र माझी ना आहे. पडताना हेल्मेट जमिनीवरून सरकलं पाहिजे, शिंग कशात अडकलं तर मानेला पीळ बसेल. तिला सांगा, शिंग घोड्याला असतं, स्वाराला नाही. कापूस भरून एक मऊ शिंग शिवायचं आणि सायकलच्या हँडलला पुढे बांधायचं. सासूबाईंना शिवण येत असेल तर हे काम त्यांच्याकडे द्या, आणि शिवून झालं की हनुवटीखाली बोट घालून पट्टा बघायचं कामही त्यांच्याकडेच असू दे.